डोरीनची पाटी

आमच्या ब्लेक्रिगच्या धरणात पोहायचं तर आधी डोरीन ऑल्डरसनच्या मागच्या भिंतीकडे बघावं लागे. ती फाटकाजवळ घडीची खुर्ची टाकून बसलेली असे. अंगात मातकट लोकरीचा स्वेटर, मांडीवर चहाचा थर्मास, आणि डोक्यामागे दगडी भिंतीवर ठोकलेली शाळेतली जुनी पाटी. पाटीवर खडूनं एकच आकडा लिहिलेला असायचा, त्या दिवशी पाणी किती अंशांवर आहे तो. सकाळी सातच्या आत तो आकडा लिहिला जाई, आणि तो वाचल्याशिवाय आमच्यातलं कुणी कोटाचं बटणसुद्धा काढत नसे.

स्वतः डोरीन कधी पाण्यात उतरली नाही. तिला पोहता येत नाही, आणि शिकायची इच्छाही कधी झाली नाही. नवीन येणाऱ्याला याचं हसू यायचं. तो विचारायचाच की बाई, मग तुम्हाला यातलं काय कळतं? त्यावर डोरीनचं उत्तर ठरलेलं होतं. एकतीस वर्षं तिनं गावातल्या शाळेत पोरांना जेवू घातलं, पण त्या शाळेतलं कस्टर्ड तिनं स्वतः एकदाही खाल्लं नव्हतं.

शाळेच्या स्वयंपाकघरात नियम असा होता की प्रत्येक पदार्थात तापमापकाची सुई खुपसायची, आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. सूप असो, खिमा असो, वाटाणे असोत, आकडा पडल्याशिवाय ताट पोरांपुढे जायचं नाही. पुढे गावात पोरंच उरली नाहीत तेव्हा शाळा बंद झाली. तिथला सुईचा तापमापक डोरीन घरी घेऊन आली, कारण तो परत मागायला कुणी आलंच नाही. नवरा, केन, त्याआधी दोन वर्षं गेलेला. घरात एकटीचं सूप. एकटीच्या सुपाचा आकडा वहीत कोण लिहितं? एक दिवस ती बादली आणि दोरी घेऊन धरणावर आली, धक्क्यावरून बादलीभर पाणी ओढलं, त्यात सुई बुडवली आणि आम्हाला ओरडून सांगितलं की बायांनो, सात आहे, मरायचं असेल तर खुशाल उतरा. आम्ही तेव्हा चौघंच पोहणारे होतो आणि सगळा कारभार अंदाजपंचे चालला होता.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. आमचे चौघांचे सोळा झाले, आणि डोरीननं आम्हाला पाणी शिकवलं. आम्ही याच डोंगरात जन्मलेली माणसं, पण पाणी हवेच्या दीड-दोन महिने मागून चालतं हे आमच्यातल्या एकालाही धड माहीत नव्हतं. नाताळात पाणी पाच अंशांवर असतं आणि मार्चमध्ये, कोकरं उड्या मारत असताना, तीनवर. मे महिन्यात पहिला उन्हाचा आठवडा येतो, गावातले लोक गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या घालून आईस्क्रीम चाटत फिरतात, तेव्हा खाली पाणी असतं नऊ-दहावर. माणसं मरतात ती याच आठवड्यात, जानेवारीत नाही. जानेवारीत अंगात उडी मारायची खुमखुमी कुणाला येत नाही. त्या आठवड्यात डोरीन फाटकावर दिवसभर बसे आणि शहरातून आलेल्या तरण्या पोरांना नुसतं बोलून बोलून परत पाठवी. सप्टेंबरात लोक कपाटातून स्वेटर बाहेर काढतात तेव्हा पाणी वर्षातलं सगळ्यात उबदार. "हवा बडबड करते," ती म्हणायची, "पाणी लक्ष देत नाही."

उतरण्याचे तिचे नियमही साधे होते. उडी मारायची नाही, पायरीनं उतरायचं. पहिलं मिनिट नुसतं श्वासाला द्यायचं, कारण थंडीचा दणका छातीला बसतो आणि माणूस नाकातोंडात पाणी ओढतो. थंडीच्या दिवसांत जितके अंश तितकीच मिनिटं पाण्यात. कंबरेला नारंगी फुगा बांधल्याशिवाय धक्का सोडायचा नाही. आणि हात चालेनासे झाले तर झगडायचं नाही, पाठीवर पडायचं, कान पाण्यात बुडवायचे आणि आकाशाकडे बघत श्वास घ्यायचा. हे ती इतक्या वेळा सांगे की नॉर्मन टीसडेल तिच्या मागे उभा राहून ओठ हलवायचा. नॉर्मन म्हणजे आमच्यातला सगळ्यात म्हातारा, निवृत्त बसचालक. तोंड बंद ठेवण्याची सवय त्याला तीस वर्षांच्या नोकरीतही लागली नाही.

धरणाच्या मालकीण कंपनीनं आम्हाला पश्चिम टोकाच्या खाडीत, म्हणजे फाटकाखाली काठाच्या आत शिरलेल्या पाण्यात, पोहायची परवानगी दिली ती डोरीनमुळेच. परवानगीच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की पोहण्याच्या जागेचं पाणी रोज मोजलं पाहिजे. त्या कागदावर डोरीनची सही होती. तिनं तो काचेत घालून स्वयंपाकघरात टांगला. केनचा फोटो त्याच्या शेजारी, आकारानं जरा लहान.

आता तिच्या पायांचं सांगते. फाटकापासून धक्क्यापर्यंत खाली अठ्ठावन्न पायऱ्या आहेत, दगडी, पावसानं निसरड्या, एका बाजूला आधाराला काही नाही. गेल्या हिवाळ्यात डोरीनचा उजवा गुडघा गेला. वय अठ्ठ्याहत्तर. ईस्टरनंतर एके सकाळी ती निम्म्या पायऱ्यांवर बसून राहिली आणि वर यायला तिला अर्धा तास लागला. आम्हाला तिनं हे सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं मोजायची जागा बदलली. तिचं घर गावात, धरणाच्या भिंतीखाली, म्हणजे पूर्व टोकाला. फाटकाकडे गाडीनं येताना वाटेतच भिंत लागते. तिथे गाडी थांबवली की झडपांच्या मनोऱ्यावर जायला सपाट वीस पावलं, धरायला लोखंडी कठडा. तिथून ती बादली सोडायची, आकडा बघायची आणि मग दोन मैल गाडी चालवत फाटकावर येऊन तो पाटीवर लिहायची. हे आम्हाला पुढे कळलं. मी आधीच सांगून टाकते, कारण लपवाछपवी करून गोष्ट रंगवायची मला हौस नाही, आणि लपवाछपवीचं पुढे काय होतं ते मी भोगलेलं आहे.

एरवी दोन टोकांच्या पाण्यात अर्ध्या अंशाचाही फरक नसतो. म्हणून एप्रिल गेला, मे गेला, कुणाला काही कळलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ऊन चांगलं पडलं आणि पाटीवर सोळा आलं. मग दोन दिवस पश्चिमेचा वारा सुटला, असा की माझ्या अंगणातली कपड्यांची दोरी खांबासकट आडवी झाली. ते दोन दिवस कुणी पोहायला गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे वारा पडला, आकाश धुतल्यासारखं निघालं आणि मी सायकल काढली. मी लिनेट, वय एकसष्ट, चाळीस वर्षं या खोऱ्यात टपाल वाटलं. धरणात पोहणं हे माझं देवाधर्माच्या जागी आहे.

पाटीवर सोळा होतं. नॉर्मन वर आला होता, पण त्याचा कान ठणकत होता म्हणून तो उतरणार नव्हता. डोरीननं मला विचारलं की रात्री झोप लागली का. मी म्हटलं लागली. सोळा म्हणजे वेळेची मर्यादा नाही, म्हणून मी ठरवलं की मासे धरणाऱ्यांच्या हद्दीची खूण म्हणून तरंगणाऱ्या पिवळ्या पिंपापर्यंत जाऊन यायचं. जाऊन-येऊन अर्धा तास.

पायरीवर पाय ठेवला तेव्हाच घोट्याला कळ आली. छातीपर्यंत गेले तेव्हा श्वास तुटला. मला अजून आठवतं, मी तिथे उभी राहून स्वतःला रागावले. म्हटलं सोळाच्या पाण्यात असं व्हायला तुला झालंय काय. कदाचित आदल्या रात्रीचं सॉसेज बाधलं असेल, कदाचित वय झालं. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात, आणि मी अंगाला चावणारं पाणी सोडून वरच्या पाटीवर विश्वास ठेवला. बाहेरच्या कुणालाही हे खुळेपणाचं वाटेल. पण आमच्याकडे बावीस वर्षं पाटी चुकली नव्हती. अंग चुकू शकतं, पाटी नाही, असं आम्ही सगळे मानत होतो. मी एक मिनिट श्वासाला दिलं आणि निघाले.

जाताना ठीक होतं. पिंपाला हात लावून वळले तेव्हा बोटं फाकली होती आणि जुळवू म्हटलं तर जुळेनात. मग कोपर वाकेना. हात मारतेय असं मला वाटत होतं, पण किनाऱ्यावरचं झाड होतं तिथेच होतं. भीती वाटली, खरंच वाटली. मला माझ्या मुलीला करायचा राहिलेला फोन आठवला. आणि मग डोरीनचा आवाज आठवला, तो वीट आणणारा, शंभरदा ऐकलेला आवाज. मी पाठीवर पडले, फुगा छातीवर ओढून मनगटांनी दाबला, कान बुडवले आणि आकाशाकडे बघत श्वास मोजत राहिले.

नॉर्मननं वरून पाहिलं. सत्तर पार केलेला माणूस त्या अठ्ठावन्न पायऱ्या कसा उतरला देव जाणे. त्यानं मासे धरणाऱ्यांची होडी सोडली आणि वल्ही मारत आला. मला काठावरून आत ओढताना तो म्हणाला की लिनेट, बसमध्ये चढताना तिकीट आधी काढतात. मला हसता येत नव्हतं. दात वाजणंसुद्धा थांबलं होतं.

धक्क्यावर त्यानं सगळं डोरीननं शिकवलं तसंच केलं. चोळलं नाही, गरम पाण्याखाली नेलं नाही. ओले कपडे काढले, कोरडी लोकर चढवली, टोपी घातली आणि आडवं ठेवलं. डोरीन वरच्या पायरीवर उभी होती. तिथून तिनं अंगातला स्वेटर काढून खाली फेकला आणि रुग्णवाहिकेला फोन केला. ती खाली आली नाही, आणि मला तेव्हा त्याचं आश्चर्यही वाटलं नाही. पाण्यातून बाहेर काढल्यावर अर्ध्या तासानं मी कुडकुडायला लागले, तेव्हा नॉर्मन म्हणाला की चला, इंजिन सुरू झालं.

मला नेल्यावर डोरीननं नॉर्मनला धक्क्यावरून एक बादली पाणी आणायला सांगितलं. कशाला, तर खुर्ची धुवायची आहे म्हणे. बिचाऱ्यानं आणलं. त्याची पाठ वळल्यावर तिनं त्यात सुई बुडवली. नऊ.

काय झालं होतं ते तिला त्याच क्षणी कळलं, कारण ते तिनंच आम्हाला शिकवलेलं होतं. उन्हानं पाण्याचा नुसता वरचा थर तापतो, खाली सगळं हिवाळ्याचंच असतं. दोन दिवस एकाच दिशेनं जोराचा वारा वाहिला की तो वरचा थर ढकलला जाऊन भिंतीशी गोळा होतो आणि दुसऱ्या टोकाला खालचं गार पाणी वर येतं. डोरीन त्याला म्हणायची पाण्यानं कूस बदलली. भिंतीपाशी सोळा होतं ते खरंच होतं. तिनं खोटा आकडा लिहिला नव्हता. तो दुसऱ्या जागेचा होता, एवढंच.

ती पाटी पुसून घरी गेली. माझं झालेलं बघून चार दिवस कुणी पाण्यात उतरलं नाही, तेवढ्यात पाणी पुन्हा सारखं झालं, सोळाचं पंधरा, आणि कुणाला संशयही आला नाही. सगळ्यांचं एकच मत पडलं की लिनेटनं हात दाखवून अवलक्षण केलं. दुकानात पाव घ्यायला गेले तर लोक दंडाला हात लावून बोलायचे, जसं आजाऱ्याशी बोलतात. डॉक्टरनं हृदयाच्या तपासण्या केल्या. काही सापडलं नाही. ते मला जास्तच भयंकर वाटलं. काही सापडलं असतं तर त्यावर गोळी असती. सोळाच्या पाण्यात अर्ध्या तासात ज्या बाईचे हात मरतात आणि कारण सापडत नाही, तिनं पाण्यात जाऊ नये हे मला माझंच कळलं. रात्री जाग आली की मी मनगट दाबून नाडी मोजत बसे. चाळीस वर्षं बर्फातून टपाल वाटलं ते हेच अंग, आणि आता त्याच्यावर माझा भरवसा उरला नव्हता. मुलगी म्हणाली की आई, बागकाम कर. मी रडले, आणि मी सहसा रडत नाही.

दोन आठवड्यांनी शनिवारी मी पिशवी घेऊन फाटकावर गेले. पिशवीत माझा नारंगी फुगा, हातमोजे, टोपी आणि थंडीतला रबरी पोशाख होता. आमच्यात एक नवीन बाई आली होती, तिला हे सगळं द्यायचं होतं. सोळांतले बाराएक जण जमले होते. मी सांगितलं की माझं झालं, आता मी वरूनच बघत जाईन. नॉर्मननं विनोद करायचा प्रयत्न केला. डोरीनला शेजारी दुसरी खुर्ची लागेल, म्हणाला.

डोरीन काठीवर जोर देऊन उठली.

"पिशवी घरी ने, पोरी," ती म्हणाली. "तुझ्या अंगाला काही झालेलं नाही. त्या दिवशी इथे खाली नऊ होतं."

मला कळलंच नाही. मी पाटीकडे बघितलं, सवयीनं.

"सोळा मी भिंतीपाशी मोजलं होतं. ईस्टरपासून तिथेच मोजते. मला या पायऱ्या उतरवत नाहीत." ती सगळ्यांकडे बघत होती, फक्त माझ्याकडे नाही. "वारा दोन दिवस पश्चिमेचा होता. इथलं पाणी कूस बदलणार हे मला तरी कळायला हवं होतं. मी गाडीतून उतरून विचारही केला नाही."

नॉर्मन भानावर आला. तो पुढे येऊन हळू आवाजात म्हणाला की डोरीन, झालं ते आपल्यातच राहू दे. कंपनीला कळलं की पोहण्याच्या जागी मोजतच नव्हते, तर या फाटकाला कुलूप लागेल, आणि त्यात कुणाचं भलं आहे? दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मला वाटतं त्या क्षणी मीही डोलावली असती.

"पत्र काल पेटीत टाकलं," डोरीन म्हणाली. "आज तुमच्यासमोर पाय लटपटले असते म्हणून आधीच टाकून आले."

माझ्या आत आधी काय आलं ते प्रामाणिकपणे सांगते. आनंद आला. नऊच्या पाण्यात पाऊण मैल पोहून मी जिवंत होते, म्हणजे माझं अंग नुसतं ठीक नव्हतं, दणकट होतं, आणि त्यानं पहिल्या पायरीवर मला खरं सांगितलं होतं. हा आनंद जेमतेम तीन-चार श्वास टिकला. मग राग आला, आणि तो मला आवरला नाही.

"पाय दुखतात हे सांगायला काय झालं होतं तुला?" मी म्हटलं. "सोळा जण आहोत आम्ही. कुणीही बादली ओढली असती."

"ओढली असती की," ती म्हणाली. "आणि मग सकाळी उठून मला कोण काय विचारणार होतं?"

"आता तरी कोण विचारणार आहे?"

हे मी बोलले. म्हाताऱ्या बाईला, बारा माणसांसमोर. मला त्याची लाज वाटते, पण त्या वेळी वाटली नाही. तिनं खुर्चीची घडी घातली, थर्मास काखेत धरला आणि गाडीकडे गेली. गाडीत बसायला तिला किती वेळ लागतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

कंपनीनं चार दिवसांत कुलूप लावलं. उन्हाळा ऐन भरात आणि खाडी बंद, तीन आठवडे. आमची माणसं मनानं वाईट नाहीत, पण उन्हाळा आमच्याकडे मोजून मापून येतो, आणि तो हातचा गेला की माणसाची जीभ सुटते. दुकानात कुणीतरी डोरीनसमोर दुधाची बाटली उचलून विचारलं की ही इथल्याच गाईची का, की दोन मैलांवरच्या. ती हसली म्हणे. मी तिथे नव्हते. असते तर काय केलं असतं सांगता येत नाही, कारण मी तिच्याशी बोलतच नव्हते. तिच्या दारावरून सायकलनं जाताना मी मान दुसरीकडे करत होते.

जुलैच्या मध्यावर कंपनीचं पत्र आलं. खाडी पुन्हा उघडेल, पण रोजचं माप धक्क्यावरूनच घ्यायचं आणि मापणारं माणूस दुसरं हवं. त्याच संध्याकाळी माझ्या दारावर काठी वाजली. डोरीन आत आली, न विचारता बसली आणि टेबलावर तापमापक ठेवला, शाळेच्या निळ्या डबीत घातलेला.

मी चहा टाकला नाही. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही, आणि तिला तो पोहोचला.

"नॉर्मनला दे," मी म्हटलं.

"नॉर्मन चांगला आहे. जीव वाचवायचा असेल तर त्याच्यासारखा माणूस नाही." ती डबीकडे बघत होती. "पण नोव्हेंबरच्या पावसात, सकाळी सहाला, तो अर्ध्या पायऱ्यांवरून परत फिरेल आणि कालचाच आकडा लिहील. मी ओळखते, कारण मीही तेच केलंय. तू नाही फिरणार."

"कशावरून?"

"चुकीचा आकडा अंगाला कसा लागतो ते आपल्यात तुला एकटीलाच ठाऊक आहे."

मी तिला सांगितलं की माझा राग गेलेला नाही. ती म्हणाली, असू दे, तो जायची घाईही करू नकोस, या कामाला बरा असतो. मग उठली आणि गेली. मी खिडकीतून बघत राहिले. कोपऱ्यावर थांबून तिनं भिंतीला हात टेकला, दम घेतला आणि पुन्हा चालायला लागली. चहा टाकायला हवा होता.

दुसऱ्या सकाळी मी सहालाच फाटकावर पोहोचले. अठ्ठावन्न पायऱ्या उतरले, धक्क्याच्या टोकाला गेले, बादली सोडली, सुई बुडवून काटा स्थिर होईपर्यंत उभी राहिले. वर येऊन पाटीवर चौदा लिहिलं. माझे आकडे शाळेतही वाकडे यायचे, आताही तसाच आला. हळूहळू सगळे जमले, तीन आठवड्यांचे तहानलेले. त्यांनी पाटी वाचली आणि कोटांची बटणं सोडायला लागले.

डोरीन सगळ्यांच्या मागून आली. खुर्ची आणली नव्हती. काठीवर दोन्ही हात ठेवून ती पाटीसमोर उभी राहिली, आणि बाकीचे जरा बाजूला झाले, तिच्याकडे न बघता.

"चौदा," मी म्हटलं, कारण काहीतरी बोलणं भाग होतं.

"कुठलं?" तिनं विचारलं.

माझं डोकं सणकलं. हिनं मला विचारावं? सगळ्यांत हिनं? जीभ उचलली होती मी. पण नॉर्मन, एक मोजा हातात आणि एक पायात असा, थांबून माझ्याकडे बघत होता. नवीन बाईसुद्धा थांबली होती. सगळी माणसं पाटीकडे पाठ करून माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि मला कळलं की बावीस वर्षांत आमच्यापैकी एकानंही डोरीनला हा प्रश्न विचारला नव्हता.

"धक्क्यावरचं," मी म्हटलं. "खालच्या टोकाचं. आत्ता, सव्वासहाला."

डोरीननं मान हलवली, आणि तेव्हा कुठे नॉर्मननं दुसरा मोजा काढला.